अबोल्याची लाईन

सरांना फोन लावला की पलीकडून 'हॅलो' कधीच यायचं नाही. फोन उचलल्याचं कळायचं, आणि मग काहीच नाही. नवखा माणूस हॅलो हॅलो करून घसा कोरडा करायचा आणि रेंज गेली म्हणून ठेवून द्यायचा. आम्ही सरावलेलो होतो. आम्ही गप्प उभे राहायचो. जरा वेळाने पलीकडून यायचं, "कापूरहोळच्या फाट्यावर आहेस ना? मागं टायरात हवा भरतायत. आता बोल." आधी माणसाची जागा ऐकायची, मग माणूस, ही त्यांची रीत. माझ्या आईने एकदा त्यांना फोन लावला आणि ती शांतता ऐकून मला म्हणाली, "तुझे सर बरे आहेत ना डोक्यानं?" मी म्हटलं, बरे आहेत. आता विचारलं असतं तर एवढ्या झटकन सांगितलं नसतं.

मी कामथडीची. बारावीनंतर पुण्याला ठेवायला घरचे तयार नव्हते, आणि भोरात त्याच सुमारास साऊंडचा कोर्स निघाला होता. एसटीने रोज जाऊन येता येतं, हा आईच्या दृष्टीने त्या कोर्सचा एकमेव गुण. एका दाताच्या दवाखान्याच्या वरती दोन खोल्या, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि खालून मधूनच ड्रिलचा आवाज. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या कानाला हेडफोन लावतील, समोर गाणारी बाई उभी करतील, मी बटणं सरकवीन. कसलं काय. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाच्या हातात निळ्या केबलचा तुकडा आणि एक पकड दिली आणि म्हणाले, "गाणं नंतर. आवाज आता तारेतनं जातो. तर आधी तार."

त्या केबलच्या आत आठ बारीक तारा असतात आणि त्या ठरलेल्या क्रमानेच कनेक्टरमध्ये बसवाव्या लागतात. सर आमच्याकडून तो क्रम पाढ्यासारखा म्हणून घ्यायचे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मी भाकरी थापताना ते पुटपुटायची आणि आई कपाळाला हात लावायची. फी भरून रंग शिकायला पाठवलंय पोरीला, असं ती शेजारणीला सांगायची. पण खरं सांगते, मी आज पुण्यात चार माणसांत जे काही रेकॉर्डिंगचं काम करते, त्यात गाणारी बाई क्वचित येते आणि तार रोज येते.

सर दिसायला अगदी साधे. उंच, जरा पोक आलेले, पायात चपला. पण वर्गात येताना चपला बाहेर. शर्टाच्या खिशात पेन नाही, तेलाची छोटी बाटली. कुठलंही दार कुरकुरलं की सर थांबलेच. बिजागरीत दोन थेंब सोडायचे, दार दोनदा उघडझाप करून बघायचे आणि मग पुढे. कुणाचं दार आहे, आपण आत कशाला आलोय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. एकदा तहसील कचेरीत दाखल्यासाठी गेले आणि सगळ्या खोल्यांच्या दारांना तेल घालून दाखला न घेताच परत आले. आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला मुद्दाम आपल्या दुकानाचं दार कुरकुरतं ठेवायचा. म्हणायचा, "त्यानिमित्तानं मास्तर आत तरी येत्यात. न्हाईतर एकटेच फिरत्यात गावभर."

ते खरंच होतं. सरांना भोरात कुणी नव्हतं. मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली होती, नाव होतं म्हणे तिथं. ते सगळं सोडून ते भोरात आले आणि एका पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत राहू लागले. आवाजाचा मास्तर आणि गिरणीच्या मागे राहतो, याची आम्ही यथेच्छ टिंगल करायचो. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. तरीही एका पोराने विचारलं. सर म्हणाले, "राहून गेलं," आणि फळ्याकडे वळले.

शिकवायचे मात्र अप्रतिम. इंटरनेटवरून आवाज कसा जातो हे आमच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी फळ्यावर एक मांडव काढला.

"समजा, भोंगवलीचं वऱ्हाड वेल्ह्याला निघालंय. एवढी माणसं एका गाडीत मावत न्हाईत. मग काय करतात? जीपा करतात. प्रत्येक जीपेत थोडी थोडी माणसं. जीपेला नंबर द्यायचा आणि पत्ता द्यायचा. कुणी नसरापुरातनं जाईल, कुणी वाटेत चहाला थांबेल, पुढची मागं येईल, मागची पुढं. मांडवात पोचल्यावर नंबरानं बसवायची. तुमच्या आवाजाचे असेच तुकडे होतात, त्यांना पाकिटं म्हणतात, आणि ती पलीकडं नंबरानं जोडली जातात."

"आणि एखादी जीप आलीच नाही तर?" मी विचारलं.

"दोन पद्धती आहेत. एक म्हणजे माणूस परत पाठवायचा, जीप शोधून आणायची, तोवर कार्य थांबवायचं. फाईल पाठवताना असं करतात. सगळे आल्याशिवाय पंगत न्हाई. दुसरी पद्धत म्हणजे मुहूर्त. मुहूर्त कुणासाठी थांबत न्हाई. जो आला न्हाई त्याच्यावाचून अक्षता टाकायच्या. जिवंत आवाज पाठवताना ही पद्धत. बोलणं चालू असताना मागचा तुकडा आणायला गेलात तर पुढचं बोलणं हुकतं."

मग हळूच म्हणाले, "हुकलं ते हुकलं." आम्ही ते वहीत लिहून घेतलं.

आवाज लहान कसा करतात, हेही त्यांनी असंच शिकवलं. पांघरुणं गुंडाळून दोरीने करकचून बांधली तर जागा कमी लागते, आणि सोडली की पांघरूण होतं तसं. हा एक प्रकार. दुसरा प्रकार गिरणीतला. "भात सडला, टरफल काढलं, तांदूळ झाला. ओझं कमी, शिजायला सोपा, खाणाऱ्याला फरक कळत न्हाई. तुमच्या मोबाईलमधली गाणी म्हणजे हा तांदूळ. कानाला जे कळणार न्हाई असं मशीनला वाटतं, ते त्यानं फेकून दिलेलं असतं. आता तो तांदूळ पेरून दाखवा मला."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, कोंडा कुणाला पाहिजे पण?"

"ज्याच्या घरी कोंबड्या आहेत त्याला," सर म्हणाले. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "काय टाकायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं, एवढंच माझं दुखणं आहे. तुम्ही कुणाशी तरी फोनवर बोलता. समोरचा गप्प बसतो. तुम्हाला वाटतं, तुम्ही त्याचं गप्प बसणं ऐकताय. तसं न्हाई. तो बोलत न्हाई म्हटल्यावर मशीन पाठवणंच जवळपास बंद करतं. आणि लाईन मेली असं तुम्हाला वाटू नये म्हणून तुमचाच फोन तुमच्या कानात खोटी खरखर सोडतो. समोरच्या खोलीतलं त्यात काही नसतं."

हे सांगताना त्यांनी फळा डस्टरने न पुसता बाहीने पुसला. त्या वेळी मला ते त्यांच्या विक्षिप्तपणात जमा करावंसं वाटलं. कारण नंतर कळलं.

दुसऱ्या वर्षी सर एक दिवस म्हणाले, "प्रॅक्टिकल आहे. वेल्ह्याच्या पुढं, माझ्या गावी. दोघं जण चला." मी आणि एक वर्गमित्र असे निघालो. चेलाडीच्या फाट्यावरून जीप वळली तेव्हा सरांनी आम्हाला सूचना दिली. "घरी माझा थोरला भाऊ आहे. दादा. त्याच्याशी तुम्ही बोला. मी बोलणार न्हाई. आमच्यात बोलणं न्हाई." आमच्यात कांदा-लसूण चालत नाही, असं लोक सांगतात ना, तितक्या सहज सांगितलं.

घर गावाच्या टोकाला, वर डोंगर. दादा अंगणात शेळीला पाला घालत होते. सरांसारखेच उंच, पण ताठ. सर आले, त्यांनी अंगणात चपला काढल्या, दादांनी एकदा बघितलं आणि शेळीला म्हणाले, "पावणं आल्यात. चा टाकावा लागंल." सर माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा नको म्हणावं, फाट्यावर झालाय." मी दादांना सांगितलं, "सर म्हणतात, नको." दादा शेळीला म्हणाले, "दूध हाय म्हणावं, वाया जाईल." असा तो चहा शेळीच्या आणि माझ्या मध्यस्थीने आम्ही प्यायलो. वर्गमित्राला हसू आवरेना, तो बाहेर जाऊन उभा राहिला. मलाही येत होतं. पण दादांनी सगळ्यांना स्टीलच्या फुलपात्रातून चहा दिला आणि सरांसाठी मात्र फडताळातून कान तुटलेला चिनी मातीचा कप काढला, पुसून घेतला. तो सरांचा लहानपणचा कप असावा. मग मला हसता येईना.

गोष्ट शेजारच्या हिराक्कांनी सांगितली. दादांचं जेवण, दळण, शेळीची धार, सगळ्याकडे त्यांचं लक्ष असे. "आईच्या हाताखाली मोठं झालं दोगं. आईचं शेवटचं आलं तवा दादांनी ह्यांना मुंबईला फोनावर फोन केलं. हे आत रेकार्डिंगला. तिथं म्हनं आत मोबाईल न्यायाचा न्हाई, बाहेर पेटीत ठेवायचा. आई ह्यांचंच नाव घेत व्हती. दादा फोन कानाला लावून बसलं, घंटी वाजतीय, उचलतंय कोन? हे दुसऱ्या दिशी आलं. समदं उरकलं व्हतं. दादा म्हनलं, आता काय बोलायचं ऱ्हायलंय? तवापास्नं बोललं न्हाईत. धाकल्यानं नोकरी सोडली, हितं जवळ भोरात आला. तरी न्हाई."

"मग सर इथंच का राहत नाहीत?" मी विचारलं.

"ऱ्हायलं की थोडं दीस. हे असलं की दादा जेवत न्हाईत. दादा जेवत न्हाईत म्हनून हे जेवत न्हाईत. दोगं बी मरायचं म्हनून म्याच म्हनलं, बाबा तू भोरातच बरा."

तर प्रॅक्टिकल असं होतं. ग्रामपंचायतीत सरकारी इंटरनेटचा फायबर आला होता आणि तो कुणालाच चालवता येत नव्हता. सरांनी ग्रामसेवकाला ते सगळं नीट लावून दिलं, वेळोवेळी बघायचं कबूल केलं आणि बदल्यात तिथून घरापर्यंत एक केबल ओढायची परवानगी मिळवली. आम्ही दिवसभर ती केबल खांबांवरून, जांभळीवरून ओढली. आता प्रश्न माजघराच्या भिंतीचा. सर बाहेरच उभे. मी दादांना विचारलं, इथं एक माईक लावायचाय आणि खाली एक छोटा स्पीकर ठेवायचाय, चालेल का? दादांनी बराच वेळ भिंतीकडे बघितलं. मग हिराक्कांना म्हणाले, "भित दोगांची हाय. खिळा ठोकायचा तर ठोका म्हनावं. माज्या संगट बोलायचं नसलं त्यातनं, म्हंजे झालं."

"बोलायचं नाहीच आहे," सर बाहेरून मला म्हणाले. "सांग त्याला. कुणी काही बोलायचं नाही. नुसती लाईन चालू राहील."

आणि राहिली. भोरला सरांच्या खोलीत फळीवर एक स्पीकर होता, त्यातून सकाळपासून झोपेपर्यंत वेल्ह्याकडचं ते माजघर वाजायचं. काही न सडता, काही न फेकता, होतं तसं. मी नोट्स आणायला जायची तेव्हा ऐकायची. चुलीत फुंकर घातल्याचा आवाज. खराटा. पितळी खाली ठेवली. दादांचा खोकला, 'हर हर' करत उठणं. शेळी आत शिरली की तिला हाकलणं. सर वह्या तपासता तपासता मध्येच मान वर करायचे, "आज भाकरी जळली त्याची," म्हणायचे आणि पुन्हा वहीत. सरांच्या खोलीतही एक माईक होता, त्यातून इकडचा आवाज तिकडे जायचा. दादा त्या स्पीकरवर पाटी पालथी घालतात, असं हिराक्कांकडून कळलं होतं. पण वायर कधी काढली नाही.

मला ते सुरुवातीला भयंकर वाटायचं, खोटं कशाला बोलू. दोन म्हातारे होत चाललेले भाऊ, एक सडकेच्या या टोकाला, एक त्या, आणि मध्ये एवढी मोठी लाईन, आणि ती बोलण्यासाठी नाही. एकदा मी सरळ म्हटलं, "सर, माफी मागून टाका ना." सर म्हणाले, "मागायची आहे. मागायचीच आहे. पण पहिला शब्द त्याचा पाहिजे. तो थोरला आहे. त्यानं तोंड उघडलं की मी सगळं बोलीन. तोवर त्याला माझ्या आवाजाचा त्रास नको." त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. दादांनी एकदा, कसंही, काहीही, पण त्यांना उद्देशून बोलावं.

हिवाळ्यात सरांना खोकला झाला. गिरणीचं पीठ आणि थंडी, जातच नव्हता. वर्गात शिकवताना ढास लागायची. एक दिवस दुधाच्या टेम्पोवाल्याने कोर्सच्या इमारतीखाली थांबून एक पिशवी दिली. वेल्ह्याकडून आलीय म्हणाला. कुणी दिली? ते काय सांगितलं नाय. आत बाटलीत मध आणि कागदात बांधलेली सुंठ. सरांनी पिशवी उघडली, बघितली, आणि टेबलावर ठेवून दिली. म्हणजे पाटीखालून दादा ऐकत होते तर. त्या दिवशी सर कुणावर ओरडले नाहीत आणि शिकवायचं होतं त्यातलं निम्मंच शिकवून वर्ग सोडला.

मी जो दिवस सांगायला बसलेय तो त्याच हिवाळ्यातला. सकाळी सर वर्गावर आलेच नाहीत. असं कधी व्हायचं नाही. मी त्यांच्या खोलीवर गेले तर दार उघडं, सर जमिनीवर बसलेले, भोवती केबलचे तुकडे, हातात पकड. फळीवरचा स्पीकर गप्प.

"सकाळपास्नं आवाज न्हाई," ते म्हणाले. घाबरले की त्यांची भाषा अजूनच गावाकडे सरकायची. "कनेक्टर बदलला. केबल बदलली. मशीन बंद करून चालू केलं. इथला दिवा बघ, लुकलुकतोय. पाकिटं येतायत. एक पण गळलेलं न्हाई. मग आवाज कुठं जातोय?"

"हिराक्कांना फोन केला?"

"करू की. आधी आपली बाजू तपासायची. दोष नेहमी आपल्या बाजूला असतो, हे शिकवलंय ना तुम्हाला?" आणि पुन्हा एक कनेक्टर कापला, पुन्हा आठ तारा सरळ करायला घेतल्या. पांढरा-हिरवा कुठला आणि पांढरा-निळा कुठला ते त्यांना दिसत नव्हतं. ज्या माणसाने आम्हाला शांतता ऐकायला शिकवलं, तो सकाळपासून शांतता दुरुस्त करत बसला होता.

मी हेडफोन कानाला लावले आणि आवाज जाईल तितका वर नेला. आधी नुसती खरखर. मग लांबून, बंद दाराबाहेरून, शेळी ओरडत होती. थांबतच नव्हती. धार काढायची राहिली की शेळी तशी ओरडते, हे मला शेतकऱ्याच्या पोरीला सांगायला नको. आणि त्या खरखरीच्या आत, अगदी जवळ, एक श्वास होता. ओढल्यासारखा. मध्येच थांबायचा. घशात घरघर व्हायची आणि परत सुरू.

"सर," मी म्हटलं, "लाईन चांगली आहे. दादा घरातच आहेत. माईकच्या खालीच पडलेत. श्वास येतोय, पण बरा नाही येत."

सरांनी माझ्या कानावरून हेडफोन ओढून घेतले. ऐकलं. चेहरा असा झाला की मला बघवेना. नंतर कळलं, तो श्वास त्यांनीही सकाळी ऐकला होता. माईकची खरखर समजून सोडून दिला होता.

मी हिराक्कांना फोन लावला. त्या शेतात होत्या, रेंज तुटत होती, पण कळलं त्यांना. धावल्या. मी सरांकडे वळले. "सर, बोला त्यांच्याशी. पलीकडे स्पीकर चालू आहे. त्यांना ऐकू जाईल. बोला काहीतरी."

सरांनी माईक हातात घेतला. तोंडाजवळ नेला. ओठ हलले. मी वाट बघत उभी. आणि त्या माणसाने, ज्याला इतक्या वर्षांत दुसरं काही नको होतं, माईक माझ्यापुढे धरला आणि म्हटलं, "सांग त्याला. माणसं येतायत म्हणावं. घाबरू नको म्हणावं."

मी सांगितलं. "दादा, सर सांगतायत, माणसं येतायत. घाबरू नका." माझाच आवाज मला परका वाटला. सर शेजारी उभे राहून मान हलवत होते, जणू मी बरोबर निरोप देतेय की नाही हे तपासत होते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. सवय इतकी पक्की बसते माणसाला.

पलीकडे दार ढकलल्याचा आवाज आला, हिराक्कांची हाक आली, मग पुष्कळ माणसांचे आवाज एकात एक. मी वर्गमित्राची स्कूटी घेतली, सरांना मागे बसवलं आणि निघाले. कापूरहोळ, तिथून हायवे. सर मागे माझा खांदा घट्ट धरून होते. गावकऱ्यांनी दादांना जीपमध्ये घालून खाली आणलं होतं, चेलाडीला गाठ पडली. सर धावत जीपमध्ये चढले आणि म्हणाले, "दादा. दादा, मी आलोय." पहिला शब्द शेवटी त्यांनीच उच्चारला. दादांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळे उघडे होते. त्यांनी सरांकडे बघितलं आणि मग जीपच्या टपाकडे बघत राहिले.

दादा वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, शब्द बाहेर येत नाहीत, सरावाने थोडे येतील. सरांनी कोर्स सोडला, गिरणीमागची खोली सोडली आणि गावी गेले. आमची शेवटची परीक्षा दुसऱ्याच मास्तरांनी घेतली. त्यांना हॅलो म्हणायची सवय होती.

पुढे मी पुण्याला कामाला लागले. जायचं जायचं म्हणत उन्हाळ्यात एकदा सरांच्या गावी गेले. सर अंगणात, दाराच्या बाहेर भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून त्यांना आनंद झाला, पण बस म्हणायच्या आधी ओठांवर बोट ठेवलं. मी बसले. आत हिराक्का दादांना भरवत होत्या, त्यांची बडबड चालू होती.

"दादा बोलतात का काही?" मी हळू विचारलं.

"मी बोलतो," सर म्हणाले. "त्या दिवसापासनं रोज बोलतो. आईच्या वेळचं सगळं सांगितलं. फोन बाहेर पेटीत होता, आत लाल दिवा होता, गाणाऱ्या बाईला मी अजून एकदा म्हणा म्हणालो, आणि तेवढ्यात आई गेली असणार. पाया पडलो. सगळं ऐकून घेतलं त्यानं. भिंतीकडं बघत."

"वाचाच नाही ना सर त्यांना. कसं बोलतील?"

तेवढ्यात आतून आवाज आला. जड, ओढलेला, शब्दाला शब्द अडकलेला. "शे-शेळी... बां... बांद." हिराक्का म्हणाल्या, "बांधली, बांधली. तुमी घास घ्या." पुन्हा तो आवाज, "पा-णी." मग हसल्यासारखं काहीतरी.

मी सरांकडे बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"सर, बोलतायत की ते. जा ना आत."

"गेलो की थांबतो," सर म्हणाले. "हिराक्काशी बोलतो, शेळीशी बोलतो, डॉक्टरशी पण एक शब्द बोलला. मी दारात उभा राहिलो की ओठ मिटतो. डॉक्टर म्हणाले, दिवसभर बोलायला पाहिजे त्यानं, तरच वाचा येईल, न्हाईतर आहे ती पण जाईल." त्यांनी पाय जवळ घेतले. "म्हणून मी हितं बाहेर बसतो."